चांगली एअरलाईन ओळखायची कशी? तिकीट काढायच्या आधी काय काय बघायचं

कुठली एअरलाईन चांगली असं कोणालाही विचारा, उत्तरात जेवण येणार, सीटसमोरची स्क्रीन येणार, क्रू हसून बोलला की नाही ते येणार. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण माझ्या मते खरा फरक दुसरीकडेच पडतो. काउंटरवर, गेटवर, विमानात जो माणूस तुमच्यासमोर उभा असतो त्याला कंपनीने स्वतःच्या डोक्याने काही करायची मुभा दिलीय का, आणि दिली असेल तर ते करायला त्याच्या हातात काही आहे का, म्हणजे रिकामी सीट, दुसरं विमान, चालणारं सॉफ्टवेअर वगैरे. हे दोन्ही असेल तर साधी एअरलाईन पण लक्षात राहते, नसेल तर सीट कितीही भारी असूदे, एक फ्लाईट रद्द झाली की सगळा मुलामा उतरतो.

सोयी काय, कोणीही कोणाच्या उचलतं. सिंगापूर एअरलाइन्सने 1970 च्या दशकात इकॉनॉमीत फुकट हेडफोन आणि जेवणात चॉईस द्यायला सुरुवात केली, एमिरेट्सने 1992 मध्ये सगळ्या क्लासमध्ये प्रत्येक सीटला स्क्रीन लावली, ब्रिटिश एअरवेजने 2000 मध्ये बिझनेस क्लासला पूर्ण आडवा होणारा बेड दिला. प्रत्येक वेळी बाकीच्या मोठ्या कंपन्या मागोमाग आल्याच. सीट विकत मिळते हो, पण गेटवरच्या माणसाला "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणायला वरच्या लोकांना धाडस लागतं, त्यामुळे ते फार कमी ठिकाणी दिसतं.

या बाबतीत जुनं आणि मस्त उदाहरण म्हणजे स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स. 1981 मध्ये यान कार्लझोन तिथे प्रमुख झाले तेव्हा कंपनी तोट्यात होती. नंतर त्यांनी एक हिशोब मांडला की 1986 या एका वर्षात कंपनीचे साधारण 1 कोटी प्रवासी, प्रत्येकाची गाठ पडते साधारण पाच कर्मचाऱ्यांशी, आणि प्रत्येक भेट सरासरी 15 सेकंदांची. म्हणजे वर्षात 5 कोटी वेळा 15-15 सेकंदात कंपनी लोकांच्या मनात एकतर बसते नाहीतर उतरते. मग त्या 15 सेकंदात कर्मचारी "साहेबांना विचारून सांगतो" म्हणत बसला तर संपलंच, म्हणून त्यांनी निर्णय खाली, प्रवाशासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे दिले.

याच्या बरोबर उलटं 2017 च्या एप्रिलमध्ये शिकागोत झालं. युनायटेड या अमेरिकी एअरलाईनच्या फ्लाईटमध्ये आधीच बसलेल्या प्रवाशांपैकी चौघांना उतरवायचं होतं कारण कंपनीच्याच क्रूला पुढच्या शहरात पोचवायचं होतं, एकाने नकार दिला आणि त्याला अक्षरशः ओढत बाहेर काढलं, व्हिडिओ जगभर फिरला. पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. डेल्टा या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने सीट सोडणाऱ्याला गेट एजंटने स्वतःच्या अधिकारात देता येणारी रक्कम 800 वरून 2,000 डॉलर केली, सुपरवायझरला 9,950 पर्यंत मुभा दिली, आणि युनायटेडने सीट आपणहून सोडणाऱ्यासाठी कमाल रक्कम 10,000 डॉलर केली. इतकी रक्कम दर वेळी थोडीच द्यावी लागते, पण गेटवरच्या माणसाकडे ऑफर वाढवायची सोय असली की कोणीतरी खुशीने उठतंच आणि पोलीस बोलवायची वेळ येत नाही.

आता तुम्हाला हे तिकिटाआधी कळणार कसं?

सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे बुकिंगच्या आधीच त्यांच्या कस्टमर केअरला एक खरा प्रश्न विचारा. "बॅग किती किलो" असला प्रश्न नको, ते वेबसाईटवर असतंच. थोडा अडचणीचा विचारा, म्हणजे "एकाच तिकिटावर दोन फ्लाईट आहेत, पहिली लेट होऊन दुसरी चुकली तर मला काय मिळेल, पुढच्या फ्लाईटमध्ये तुम्ही आपोआप टाकता की मला काउंटरवर यावं लागेल, रात्र काढायची वेळ आली तर हॉटेलचं काय". सरळ उत्तर मिळालं तर चांगली खूण. चॅटवर बॉट तेच तेच चार पर्याय फिरवून फिरवून दाखवत असेल आणि माणूस मिळायला वाटच नसेल तर समजून जा, तुम्ही अजून पैसे पण दिलेले नाहीत तेव्हा ही गत आहे, पैसे घेतल्यावर काय असेल.

दुसरं म्हणजे त्यांचं ॲप उतरवून बघा. फ्लाईट रद्द झाल्यावर ॲपमधूनच दुसरी फ्लाईट निवडता येते का, ते मदतीच्या पानावर लिहिलेलं असतं. तीनशे माणसं एका काउंटरसमोर रांगेत उभी असताना ज्याला फोनवर दोन मिनिटात सीट बदलता येते त्याचीच सुटका आधी होते. आणि हो, रांगेत उभं राहून एकीकडे फोनही लावायचा, दोन्ही वाटा एकदम धरायच्या, ज्याचं उत्तर आधी येईल ते घ्यायचं.

नुसती गोड माणसं पुरत नाहीत

हे साऊथवेस्टचं उदाहरण घेतल्याशिवाय नीट कळत नाही. अमेरिकेतली ही कंपनी कर्मचाऱ्यांच्या मोकळ्या हसऱ्या वागण्यासाठीच ओळखली जाते, त्यांची माणसं खरंच चांगली. पण डिसेंबर 2022 मध्ये ऐन सुट्ट्यांत बर्फाचं वादळ आलं, इतर कंपन्या दोन-चार दिवसांत सावरल्या आणि हे मात्र कोसळतच गेले. कुठला पायलट कुठे अडकलाय, कोणाची ड्युटी संपली, हे जुळवणारी त्यांची यंत्रणा इतक्या बदलांपुढे टिकलीच नाही, क्रू स्वतःच फोनवर तासनतास होल्डवर. एकूण 16,900 फ्लाईट रद्द, 20 लाखांवर प्रवासी अडकले, आणि वर्षभराने अमेरिकी वाहतूक खात्याने 14 कोटी डॉलरचा दंड लावला. गेटवरची माणसं तीच होती, तशीच प्रेमळ, पण द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतंच.

म्हणून मागची बाजू तपासायची, आणि ती बाहेरून बऱ्यापैकी तपासता येते. फ्लाईटरडार24 किंवा फ्लाईटअवेअर या विमानांचा माग ठेवणाऱ्या साईटवर तुमच्या फ्लाईटचा नंबर टाका, मागचे काही दिवस ती किती वाजता सुटली, किती वाजता पोचली सगळं दिसतं. एअरलाईन "आम्ही इतके टक्के वेळेवर" अशी जाहिरात करते त्यापेक्षा हे बरं, कारण त्या आकडेवारीत 15 मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरतात, आणि वर वेळापत्रकातच उड्डाणाचा वेळ थोडा फुगवून ठेवलेला असतो, त्यामुळे उशिरा सुटूनही "वेळेवर" पोचता येतं.

मग त्या मार्गावर त्याच कंपनीच्या दिवसाला किती फ्लाईट आहेत ते बघा. हे कोणी बघतच नाही. आठवड्यातून तीनच दिवस जाणारी फ्लाईट रद्द झाली तर सेवा कितीही उत्तम असो, तुम्ही दोन दिवस तिथेच. दिवसाला चार फ्लाईट असतील तर संध्याकाळपर्यंत निघाल. शिवाय एकच विमान दिवसभर इकडून तिकडे फेऱ्या मारत असतं, सकाळी झालेला अर्ध्या तासाचा उशीर रात्रीपर्यंत साचत साचत दोन तासांवर जातो, म्हणून महत्त्वाचं काम असेल तर दिवसाची पहिली फ्लाईट घ्या, झोपेचं खोबरं झालं तरी चालेल.

आणि एअरलाईनचे दुसऱ्यांशी करार आहेत का तेही. स्टार अलायन्स (1997), वनवर्ल्ड (1999), स्कायटीम (2000) हे तीन मोठे गट आहेत, यातल्या कंपनीची फ्लाईट रद्द झाली तर तुम्हाला गटातल्या दुसऱ्या विमानात बसवणं सोपं जातं. गटात नसलेल्यांचे पण आपापसात इंटरलाईन करार, म्हणजे एकमेकांचे प्रवासी आणि बॅगा घ्यायचे करार, असतात. बऱ्याच स्वस्त कंपन्यांचे असे करार नसतात, त्यांचा माणूस तुम्हाला फक्त स्वतःच्याच पुढच्या विमानात टाकू शकतो नाहीतर पैसे परत. म्हणून त्या वाईट असं अजिबात नाही. काय मिळणार आणि काय नाही हे आधीच स्पष्ट सांगून ते नेमकं देणारी स्वस्त कंपनी मला महागड्या बोलघेवड्या कंपनीपेक्षा बरी वाटते. फक्त कनेक्टिंग प्रवासात दोन वेगळी तिकीटं काढून चार पैसे वाचवायला जाल तर पहिली फ्लाईट लेट झाल्यावर दुसरी कंपनी तुम्हाला "आला नाहीत" म्हणून मोकळी होते, कायद्यानेही तिचं काही चुकत नाही. एकच पीएनआर असेल तर पुढे पोचवणं ही त्यांची जबाबदारी.

तिकीट कुठून काढता यानेही फरक पडतो. थर्ड पार्टी साईटवरून काढलं की गडबड झाल्यावर एअरलाईन म्हणते एजंटकडे जा, एजंट म्हणतो एअरलाईनकडे जा, या टोलवाटोलवीत तुमचा दिवस जातो. फार मोठा फरक नसेल तर थेट एअरलाईनकडूनच घ्या.

बुकिंगच्या पानावर बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय पैसे भरू नका. कोडशेअरमध्ये तिकीट एका नावाजलेल्या कंपनीचं आणि विमान, क्रू, जेवण सगळं दुसऱ्याच कंपनीचं असं सर्रास होतं. तुम्ही नाव बघून जास्त पैसे दिले आणि सेवा मिळाली भलत्याची, वर बॅगचे नियम, सीट निवडायची सोय यातही दोघांचं वेगळं असू शकतं.

सीटचं थोडं गणित

लेगरूम म्हणून जे सांगतात ते असतं पिच, म्हणजे तुमच्या सीटच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. इकॉनॉमीत साधारण 28 ते 34 इंच असतं, 28-29 म्हणजे उंच माणसाचे गुडघे टेकणार, 32 च्या पुढे आराम. पण पिचपेक्षा रुंदी जास्त त्रास देते आणि त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बोइंग 787 मध्ये बहुतेक कंपन्या एका रांगेत 9 सीट बसवतात, सीट जेमतेम 17 इंचांची होते. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय 787 मध्ये 8 च ठेवल्या, 2-4-2 अशा. विमान तेच, एक सीट कमी, आणि त्या एका सीटचं भाडं कंपनीने दर रांगेत सोडून दिलंय. माझ्या मते हीच खरी सेवा, जाहिरातीतलं हसणं फुकट असतं. 777 चंही तसंच, आधी 9 असायच्या, आता बऱ्याच जणांनी 10 केल्यात. म्हणून विमानाचं मॉडेल आणि सीट मॅप बघा, एरोलोपासारख्या साईटवर प्रत्येक कंपनीचा वेगळा नकाशा मिळतो. लांबचा प्रवास असेल तर 787 किंवा एअरबसचं ए350 मिळतंय का पाहा, त्यात केबिनमधला हवेचा दाब साधारण 6,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात, जुन्या विमानांत 8,000 फुटांपर्यंतचा असतो, उतरल्यावर डोकं कमी जड वाटतं.

जेवणावर मी फार वेळ घालवणार नाही. विमानात चव लागत नाही याला नुसता स्वयंपाकी जबाबदार नसतो, कोरडी हवा आणि कमी दाब यामुळे आपली जीभ आणि नाकच मंदावतं. लुफ्तान्साने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून जुन्या विमानाच्या सांगाड्यात हे तपासून घेतलं होतं, खारट आणि गोड चव बरीच कमी लागते असं निघालं. स्पेशल मील हवं असेल तर निदान 48 तास आधी नोंदवा, आणि ते बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी आणून देतात हा बोनस. त्यापेक्षा लांबच्या रात्रीच्या फ्लाईटमध्ये दिवे घालवल्यावर क्रू पाणी घेऊन फिरतो का ते बघा. जेवण देऊन झालं की पडद्याआड गडप होणारे आणि दर थोड्या वेळाने ग्लास घेऊन चक्कर मारणारे, या दोघांत कंपनीची शिस्त कळते.

क्रूचं मुख्य काम वाढप्याचं नाही

बहुतेक देशांत साधारण 50 सीटमागे एक क्रू असा किमान नियम आहे, आणि तो नियम सुरक्षेसाठी आहे, चहापाण्यासाठी नाही. चांगल्या कंपन्या लांबच्या प्रवासाला त्याहून जास्त माणसं ठेवतात, म्हणून तिथे बेल दाबली की कोणीतरी येतं.

2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. त्या छोट्या विमानातले पाच जण गेले, पण पेटलेल्या ए350 मधले 379 च्या 379 लोक बाहेर पडले. अनाउन्समेंटची यंत्रणा बंद पडलेली, क्रूने मेगाफोन आणि नुसत्या आवाजावर काम केलं, 8 पैकी 3 च दरवाजे वापरण्यासारखे होते, आणि मागच्या दाराजवळच्या क्रूने कॉकपिटशी संपर्क होत नाही म्हटल्यावर स्वतःच ठरवून दार उघडलं. अधिकार खाली दिलेला असणं म्हणजे काय ते इथे दिसतं. मी कुठल्याही फ्लाईटमध्ये बसलो की सेफ्टीची माहिती देताना क्रू प्रवाशांकडे बघतोय की छताकडे, इमर्जन्सी दाराजवळ बसलेल्यांशी खरोखर बोलतोय की नुसतं विचारल्यासारखं करून पुढे जातोय, हे पाहतो. तिथे जो मन लावतो तो बाकीचंही नीट करतो असा अनुभव आहे.

बॅग

जगभरात दर हजार प्रवाशांमागे 2022 मध्ये 7.6 बॅगा चुकल्या किंवा खराब झाल्या, 2024 मध्ये 6.3, असं सिटा ही विमानतळांना तंत्रज्ञान पुरवणारी कंपनी सांगते. सगळ्यात जास्त घोळ कनेक्शनमध्ये होतो. जून 2018 पासून आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा ठराव आहे की बॅग घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात हलवताना आणि परत देताना नोंद ठेवायची. चांगली कंपनी हीच नोंद तुम्हाला ॲपमध्ये दाखवते आणि बॅग राहिली असेल तर तुम्ही बेल्टपाशी तासभर ताटकळायच्या आधीच मेसेज टाकते. काही कंपन्या आता तुमच्या एअरटॅगचं, म्हणजे बॅगेत ठेवायच्या छोट्या ट्रॅकरचं, लोकेशनही घेतात, ते विचारून ठेवा.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी पीआयआर नावाचा रिपोर्ट करून त्याचा नंबर घ्या, नंतर घरून करू म्हणू नका. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करार नावाच्या देशादेशांमधल्या कराराप्रमाणे तुटफुटीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा मिळालेल्या बॅगची 21 दिवसांत करायची, आणि 21 दिवसांत आलीच नाही तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात कपडे, औषधं जे घ्याल त्याच्या पावत्या जपून ठेवा.

म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर

व्हीलचेअर मागताना नुसतं "व्हीलचेअर हवी" म्हणू नका. तीन प्रकार असतात, डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिने चढता येत नाहीत, डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. योग्य प्रकार 48 तास आधी नोंदवला तर शिडीपाशी जाऊन अडकायला होत नाही. बाळासाठी बॅसिनेट, म्हणजे छोटा पाळणा, भिंतीसमोरच्या मोजक्याच सीटला लागतं आणि वजनाची मर्यादा असते, तिकीट काढल्या काढल्या फोन करा. आजीला नेणारा माणूस तिला गेटवर एकटं सोडून गेला की थांबला, यावर मी त्या एअरलाईनला मार्क देतो. विमानतळावर ही माणसं बहुधा कंत्राटी कंपनीची असतात हे खरं, पण कंत्राट कोणाला द्यायचं हे ठरवतं कोण?

अवॉर्ड आणि रिव्ह्यू किती मनावर घ्यायचे

एअरलाईनना रेटिंग देणाऱ्या स्कायट्रॅक्स या कंपनीच्या अवॉर्डमध्ये 2023 ला सिंगापूर पहिली, 2024 आणि 2025 ला कतार. ही यादी प्रवाशांच्या सर्व्हेवर असते, अंदाज यायला ठीक आहे, पण तुमच्या मार्गावर तुम्हाला कुठलं विमान मिळणार हे त्यातून कळत नाही, एकाच कंपनीची नवी आणि जुनी विमानं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले आणि एक स्टारवाले दोन्ही बाजूला ठेवा, मधले वाचा, तुमचाच मार्ग, तुमचाच क्लास, गेल्या वर्षभरातले. आणि शोधायचं ते "उशीर", "रद्द", "रिफंड" अशा शब्दांनी. फ्लाईट पाच तास लेट झाली पण दर अर्ध्या तासाला येऊन खरं कारण सांगत होते, खाण्याची कूपनं न मागता दिली, असं तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं असेल तर मी डोळे मिटून बुक करतो.

हक्काबद्दल पण कंपनी स्वतःहून बोलते का ते बघाच. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाईटला 2004 चा 261 नंबरचा नियम लागतो, पोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतराप्रमाणे 250 ते 600 युरो भरपाई, वादळासारखं कारण असेल तर भरपाई नाही पण खाणं आणि गरज पडली तर हॉटेल तरीही द्यावंच लागतं. काही कंपन्या फॉर्मची लिंक स्वतः मेल करतात, काही व्हाउचर पुढे करून तोंडाला पानं पुसतात. व्हाउचर घ्यायचं बंधन तुमच्यावर नसतं, रोख भरपाई मागा.

तक्रार करायची वेळ आलीच तर रागाने चार पानं लिहू नका. फ्लाईट नंबर, तारीख, पीएनआर, काय झालं ते पाच-सहा ओळीत, नेमकं काय हवंय ते आकड्यासकट, आणि पावत्यांचे फोटो. एक्सवर (आधीचं ट्विटर) ओरडल्याने उत्तर लवकर येतं पण ते बहुतेक "डीएम करा" एवढंच असतं, लेखी तक्रारीचा नंबर मात्र पुढे कामाला येतो. उत्तरात तुमच्या प्रश्नाला हात घातलेला नसेल, नुसतं "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असेल, तर त्याच मेलवर परत पाठवा आणि कुठल्या मुद्द्याचं उत्तर आलं नाही ते लिहा. दुसऱ्या वेळी बहुधा खरा माणूस वाचतो.